टेलिफोनाचा संन्यास

“पण बुवा, मी करायचं बाकी तरी काय ठेवलंय?”

खेमगिरीबुवा ओसरीवर पत्रावळ टाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मोडेम बदलला. खांबापासून मठापर्यंतची तार नवी ओढली. तारेवर वाकलेल्या फांद्या तोडल्या. खांबाखालचा डबा उघडून मुंग्यांची अख्खी वसाहत बाहेर काढली. तरी लाईन मरते! का मरते?”

बुवांनी पळसाचं पान उलटं करून पाहिलं.

“मुंग्या कुठं गेल्या?”

“...काय?”

“घर मोडलंस न्हवं त्यांचं? गेल्या कुठं मग?”

गुरूचं बोलणं आहे, म्हणजे त्यात खोल काहीतरी असणार, असं धरून वीरेश बराच वेळ मुंग्यांचा विचार करत राहिला. बुवांना खरोखरच मुंग्यांची काळजी होती.

हा वीरेश मगदूम सांगलीचा. पुण्यात कुठल्याशा कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होता. एकदा दोन दिवसांसाठी उंबरघळच्या मठात आला आणि राहिलाच. दाढी वाढवली, चप्पल सोडली, मोबाईल नदीला अर्पण केला. नदीलाही रेंज नव्हतीच.

उंबरघळ हे डोंगरांच्या बेचक्यातलं गाव. खालच्या गावच्या एक्स्चेंजमधून एक तांब्याची लाईन निघते, घाट चढते, रानातून वाट काढत मठाशी येऊन थांबते. फोन म्हणा, इंटरनेट म्हणा, जे काय यायचं ते त्यातूनच. खांब इतके जुने, की त्यातल्या एका सागवानी खांबाला पालवी फुटली आणि पुढं लाइनमन त्याच्याच सावलीत बसून डबा खायला लागला. मी तो खांब पाहिलाय. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं डबा घेऊन जावं.

या लाईनीवर वीरेश रोज सकाळी वर्ग घ्यायचा. विषय, वैराग्य. ऐकणारी माणसं तीन खंडांत पसरलेली. बुवा दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचे. वीरेश त्या चार वाक्यांवर तासभर बोलायचा. लोक म्हणायचे, गुरू मोठा की शिष्य मोठा हे ठरवणं अवघड आहे. वीरेशला ते तितकंसं अवघड वाटत नसे.

आणि आता लाईन मरत होती.

कॅनडातल्या एका गृहस्थांचा चेहरा पडद्यावर कपाळापासून उतरायला लागे, तो हनुवटीपर्यंत येईस्तोवर त्यांची दाढी वाढलेली असे. फोनच्या खोलीतल्या भिंतीतून खरखर अशी यायची, की गावातली एक कोंबडी मोडेम उबवायला बसली. लाईन मेल्याची तक्रार करायची सोय होती ती लाईनीवरूनच. म्हणजे मेलेल्यानं आपल्या मयताचा दाखला आपणच जाऊन आणायचा.

त्याच सकाळी इस्माईल मुल्ला घाट चढून आला. हा लाइनमन. खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला टेस्टफोन, तोंडात पान.

“रामराम बुवा. सलाम साहेब.”

“साहेब म्हणू नका मामा, मी साधक आहे.”

“बरं, साधकसाहेब. वाईट बातमी हाय.”

इस्माईलनं ती उभ्यानंच सांगितली. येत्या शुक्रवारी वरचे साहेब स्वतः मशीन घेऊन येणार. लाईन मापात बसली तर ठीक. नाही बसली तर एका मठासाठी एवढा घाट सांभाळायचा नाही. लाईन बंद आणि तार गुंडाळून खाली.

वीरेशचा चेहरा उतरला. लाईन गेली म्हणजे वर्ग गेला. वर्ग गेला म्हणजे तीन खंडांतला वीरेशस्वामी गेला. मग उरतो तो चप्पल नसलेला एक इंजिनिअर.

“मामा, काहीतरी करा.”

“बघतो की.”

इस्माईलनं खांबाखालच्या डब्यात टेस्टफोनचे चिमटे लावले. नंबर फिरवला. आणि उकिडवा बसून बोलायला लागला.

“हां, मी. उंबरघळला. काय केलंयस जेवायला? ...वांगं? आगं कालचं वांगं संपलं न्हाई का? ...बरं. बरं. थोरलीचा पाय कसा हाय? ...शेकलास का? मिठाच्या पाण्यानं शेक म्हटलं हुतं...”

वांगं झालं, पाय झाला, शेजारच्या म्हशीचं व्यालेलं झालं. वीरेश शेजारी उभा राहून दात आवळत होता.

मग इस्माईलनं चिमटे काढले. “बघा आता.”

वीरेश धावत आत गेला. कॅनडाचे गृहस्थ कपाळापासून हनुवटीपर्यंत एका दमात उतरले. दाढी केलेली होती.

वीरेश तसाच बाहेर आला.

“काय केलंत?”

“काय न्हाई.”

“काय न्हाई म्हणजे? दर वेळी असंच होतं! तुम्ही येता, लाईन सुधारते. तुम्ही जाता, चार दिवसांत पुन्हा मरते. खरं सांगा मामा... काहीतरी अर्धवट करून ठेवता ना, पुन्हा बोलावणं यावं म्हणून?”

इस्माईलनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

“साहेब, हा घाट चढायची हौस असायला माझे गुडघे काय तुमच्या वयाचे न्हाईत. म्या स्क्रूला हात लावला न्हाई. लाईन बघितली, चालू दिसली, घरी बोललो. आता का सुधारती ते तिला विचारा. मला कळत असतं तर मी आणि इथं असतो का?”

तो पाणी पिऊन घाट उतरून गेला.

वीरेश बुवांसमोर येऊन बसला. बुवांची पत्रावळ होत आली होती.

“ऐकलंत ना बुवा?”

“ऐकलं. वांगं फार केलंय.”

“तो काहीच करत नाही आणि लाईन जगते. मी जिवाचं रान करतो आणि लाईन मरते. हा कुठला न्याय?”

“इस्माईल आला की काय करतो?”

“काही नाही! नुसत्या गप्पा मारतो.”

“आणि तू?”

“मी दुरुस्ती करतो.”

बुवांनी पत्रावळ पुरी करून बाजूला ठेवली. दुसरं पान घेतलं.

वीरेश तोंड उघडं ठेवून बसला. मग एकदम उठला. मग पुन्हा बसला.

“थांबा... थांबा बुवा. जोड!”

“कुठला जोड?”

“तारेतले! तांब्याला तांबं पिळून ठेवलेलं. घाटात खांबाखांबावर जोड आहेत. इथली हवा दमट, धुकं असतं. त्या जोडांवर पापुद्रा धरतो. इंटरनेटचा सिग्नल पडला नाजूक, तो पापुद्र्याशी अडखळतो. पण कुणी फोन उचलून बोलायला लागलं, की एक्स्चेंजमधून बॅटरीचा करंट वाहतो. सरळ, सलग! तो पापुद्र्यातून वाट काढतो. बोलणं चालू आहे तोवर जोड उजळत राहतो. कुणीच फोन उचलला नाही तर...”

तो हसला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा.

“आम्हाला शिकवलं होतं हे! परीक्षेत आलं होतं, मी बरोबर लिहिलं होतं!”

“लाईन मरायला कधी लागली?” बुवांनी विचारलं.

वीरेशचं हसू हळूहळू मावळलं.

आता इथं सांगायला हवं, की मठात पूर्वी एक फोन होता. काळा, जड, तबकडीचा. तो वाजायचा. कुणाचा मामा चौकशी करायचा, कुणी बियाणं विकायचं, कुणी रॉंग नंबर लागला तरी बुवांना पावसापाण्याचं विचारून मगच ठेवायचं. वीरेश आला आणि त्याला त्या वाजण्याचा त्रास व्हायला लागला. साधनेत खंड पडतो म्हणाला. त्यानं बुवांची परवानगी मागितली. बुवा म्हणाले, “बघ बाबा.”

वीरेशनं पाहिलं. त्यानं एका गुरुवारी त्या फोनला विभूती लावली, भगव्या फडक्यात बांधलं, चार श्लोक म्हटले आणि माळ्याच्या खुंटीला टांगून ठेवलं. इंटरनेट तेवढं ठेवलं. ते विरक्त असतं. अशी त्या टेलिफोनाला संन्यासदीक्षा मिळाली. गावातल्या बायका कितीतरी दिवस विचारत होत्या, त्याला भिक्षेला कधी पाठवणार म्हणून.

वीरेश गेला आणि माळ्यावरून गाठोडं काढून घेऊन आला. फडकं सोडलं. रिसीव्हरखाली पालीनं अंडी घातली होती. संसार तिथंही पोचला होता.

“म्हणजे आता रोज कुणीतरी हा उचलायचा आणि थोडा वेळ बोलायचं. एवढंच.”

“मग उचल.”

वीरेशनं फोन जोडला, रिसीव्हर कानाला लावला आणि डोळे मिटून शांत बसला. बोलणं टाळून काम होत असेल तर बरं, असा त्याचा हिशेब. थोडा वेळ घूंऽऽ असा सूर आला. मग फोन असा किंचाळला, की ओसरीवरचं मांजर छपरावर गेलं. मग सगळं शांत.

“काय झालं?”

“काही न बोलता धरून ठेवलं की एक्स्चेंज ओरडतं. आणि मग तोडूनच टाकतं.”

“हं.”

“हं काय, बुवा?”

“काय न्हाई. काड्या संपल्या. त्या कोपऱ्यातल्या दे.”

वीरेशनं काड्या दिल्या. मग मनाला येईल तो एक नंबर फिरवला. एका बाईनं त्याला सांगितलं, की हा नंबर अस्तित्वात नाही. फार अदबीनं सांगितलं, पण एवढंच सांगितलं, आणि गेली. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“कोण बाई?”

“रेकॉर्ड आहे बुवा. दोनच वाक्यं बोलते आणि तोडते. एवढ्याशानं भागणार नाही.”

“मग शिष्यांना लाव की. तीन खंडांत हायत म्हणतोस.”

“त्यांचे ई-मेल आहेत. नंबर कुणाचाच नाही.”

“एक्स्चेंजात लाव.”

“तिथं आता माणूस नसतो. नुसती यंत्रं.”

“इस्माईल?”

“खांबावर असतो दिवसभर.”

वीरेशनं बुवांपुढं हात जोडले. “बुवा, तुम्हीच बोला ना. रोज पाच मिनिटं.”

“मी?” बुवांना खरंच नवल वाटलं. “माझ्याशी बोलायला लोक घाट चढून येत्यात. आन तुझं काय... एक तरी नंबर पाठ असंल.”

वीरेश कोपऱ्यातल्या काड्या सारख्या करायला लागला.

त्याच्या वयाच्या माणसांना जगात एकच नंबर पाठ असतो. पुढचे सगळे मोबाईलमध्ये गेले. हा मोबाईलच्या आधीचा, घरचा; लहानपणी हरवलास तर सांग म्हणून घोकून घेतलेला.

सांगलीला वीरेशच्या वडिलांची, आप्पा मगदूमांची, हळदीची अडत होती. पोरगं नोकरी सोडून मठात निघालं तेव्हा आप्पा दारात उभे राहून म्हणाले होते, “जातोस तर जा. पण मग फोन करू नकोस.”

वीरेश आज्ञाधारक निघाला. आयुष्यात बापाची दुसरी एकही आज्ञा त्यानं पाळली नव्हती. ही मात्र काटेकोर पाळली. पुढं त्या पाळण्याला तो वैराग्य म्हणायला लागला. त्यावर त्याचा एक वर्ग फार गाजला होता.

“नाही,” वीरेश म्हणाला. “एकही पाठ नाही.”

बुवांनी मान हलवली आणि पान टाचायला घेतलं.

मंगळवार गेला. खरखर परत आली. बुधवारी सकाळी कॅनडाचे गृहस्थ भुवयांपाशी येऊन थांबले ते थांबलेच. वीरेशनं पडदा मिटला. फोनच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. पण त्या दाराची एक फळी निघालेली होती आणि बुवा नेमके त्या फळीपाशी तूर पाखडायला बसले. म्हणून तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

तबकडी फिरल्याचा आवाज आला. पलीकडं घंटी वाजत राहिली.

“हॅलो.” म्हातारा आवाज. “कोण?”

“...”

“कोण बोलतंय?”

“लाईन...” वीरेशनं खाकरून आवाज जाड केला. “लाईन तपासतोय. टेलिफोन खातं. उंबरघळ लाईन.”

पलीकडं नुसती खरखर.

“तपासा,” म्हातारा म्हणाला.

“आवाज येतो का?”

“येतो. फार लांबनं येतो.”

“जरा... जरा आकडे म्हणा. सावकाश. मी इकडून ऐकतो.”

आप्पांनी घसा साफ केला.

“लाभ,” ते म्हणाले. “दोन... तीन... चार...”

अडतीवर माप मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आप्पा देवळाच्या पायऱ्याही तशाच मोजायचे. वीरेश चालायला शिकला तेव्हा त्याची पावलंही त्यांनी तशीच मोजली होती.

“...नऊ... दहा. पुढं म्हणू?”

वीरेश रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून ऐकत होता.

“साहेब? आहात का?”

“हो. हो, म्हणा. म्हणत राहा.”

आप्पा म्हणत राहिले. पन्नासाच्या पुढं कुठंतरी खरखर कमी झाली. साठीत आवाज असा स्वच्छ झाला, की सांगलीच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ उंबरघळात ऐकू यायला लागलं.

“पुरे,” वीरेश म्हणाला.

“झाली का नीट?”

“बरी वाटतेय.”

“उद्या पण तपासणार का?”

“...तपासावी लागेल. इकडं हवा दमट आहे.”

“मग सकाळीच करा. नंतर मी सौद्याला जातो.” आणि जरा थांबून, “नाहीतर सौद्याला मुनीम जाईल. तुमच्या सवडीनं करा.”

गुरुवारी तपासणी झाली. शुक्रवारी पहाटेही झाली. आकड्यांच्या मधे मधे आता इतर गोष्टी यायला लागल्या होत्या.

“बावीस... तेवीस... या वर्षी हळदीला उठाव नाही... चोवीस... घराला रंग दिला. पंचवीस. माडीवरची खोली तशीच ठेवलीय, तिला दिला नाही. सव्वीस...”

“का नाही दिला?”

“ज्याची आहे त्याला कुठला आवडेल काय माहीत. सत्तावीस. साहेब, तुमच्या खात्यात जेवायचं काय करतात?”

“स्वतः करतो.”

“भात चिकट होतो का अजून?”

सांगलीचं घड्याळ वाजत राहिलं.

“होतो,” वीरेश म्हणाला.

“पाणी जास्त घालता. अठ्ठावीस.”

फळीपाशी बुवांचं पाखडणं थांबलेलं होतं. सुपातल्या तुरीवर चिमण्या येऊन गेल्या तरी त्यांना पत्ता नव्हता.

शुक्रवारी साहेब आले. जीपमधून, मग घोड्यावरून, मग इस्माईलच्या खांद्याला धरून. त्यांनी मशीन लावलं. आकडे पाहिले. मशीन बिघडलंय म्हणून ते झटकलं. पुन्हा पाहिले.

“ही तीच लाईन?”

“तीच, साहेब.”

“इतकी चांगली तर माझ्या घरची नाही. कुणी केली?”

इस्माईलनं पान सावरलं आणि वीरेशकडं बोट केलं. साहेबांनी वीरेशला नमस्कार केला. लाईन राहिली. सकाळी राहिलेला वर्ग संध्याकाळी झाला, आणि त्याला तीनही खंड कपाळापासून हनुवटीपर्यंत हजर होते.

शनिवारी सकाळी वीरेश पुन्हा फोनच्या खोलीत गेला. आता गरज होतीच असं नाही, तरी गेला.

आप्पांनी आकडे म्हटलेच नाहीत.

“साहेब,” ते म्हणाले, “एक विचारू?”

“विचारा.”

“तुमच्या खात्यात रजा मिळते का?”

वीरेशनं रिसीव्हर ठेवून दिला. जपून ठेवला, अंड्यावर ठेवावा तसा.

त्यानंतरचे काही दिवस तो खोलीतून फारसा बाहेर आला नाही. आतून ठोकल्याचे, कापल्याचे आवाज यायचे, भाजल्याचा वास यायचा. फोन कुणी उचलला नाही. मग एका सकाळी तो एक लाकडी डबी घेऊन ओसरीवर आला. डोळे लाल, चेहऱ्यावर विजय. फोनही लांब वायरनं ओसरीवर आणून ठेवला.

“बुवा, सुटला प्रश्न! कायमचा!”

बुवांनी डबी हातात घेतली. हलवली. कानाला लावली. वास घेतला.

“काय हाय?”

“ही लाईनीला जोडायची. रोज सकाळी ही आपोआप फोन उचलल्यासारखं करते. ती बाई आहे ना, नंबर अस्तित्वात नाही म्हणणारी? तिला लावते. ती तोडते, ही पुन्हा लावते. असं अर्धा तास. करंट वाहत राहतो, जोड उजळत राहतात. हिरवा दिवा लागला की समजायचं, लाईन ठणठणीत.”

“बोलतं कोण?”

“बाई.”

“आणि ऐकतं कोण?”

“डबी.”

“...आणि तू?”

“मी मोकळा!” वीरेश म्हणाला. “आता कुणालाच काही बोलायची गरज नाही.”

त्यानं डबी लाईनीला जोडली. आतून बारीक खटखट झाली, कुठंतरी दूर त्या बाईनं अदबीनं काहीतरी सांगितलं, पुन्हा सांगितलं. हिरवा दिवा लागला. फार सुरेख दिसत होता.

बुवांनी दिव्याकडं पाहिलं. मग वीरेशकडं.

“आता या दिव्याकडं रोज बघत बसायचं व्हय?”

“बघायचीही गरज नाही बुवा. तीच तर गंमत.”

“गंमत भारी हाय,” बुवा म्हणाले आणि अंगण झाडायला उठले.

डबीचं काम आटोपलं. खटखट थांबली. दिवा तसाच, हिरवागार.

आणि फोन वाजला.

कितीतरी काळानं त्या मठात फोन वाजत होता. मांजर पुन्हा छपरावर गेलं. वीरेश जागचा हलला नाही. त्यानं फोनकडं असं पाहिलं, जसं काही ते भगव्या फडक्यातून उठून चालत आलेलं भूत आहे.

फोन वाजत राहिला.

“उचल,” बुवा म्हणाले.

वीरेशनं मान हलवली. नाही.

“आरं, तुझाच आसंल.”

“नाही बुवा... नको.” त्यानं हात जोडले. “मला जमणार नाही. काय बोलू मी? खातं म्हणून बोललो तेवढं बोललो...”

बुवांनी केरसुणी भिंतीला टेकवली. पायरी चढून वर आले. रिसीव्हर उचलला, उलटा धरला, सुलटा केला.

ओसरी लहान, आणि लाईन आता अशी स्वच्छ, की पलीकडचा शब्दन् शब्द बाहेर ऐकू आला.

“हॅलो... टेलिफोन खातं का? इथं नंबर उमटला होता, त्याच्यावर लावलाय. मी सांगलीहून मगदूम बोलतो. तुमचे एक साहेब रोज सकाळी लाईन तपासत होते. बरेच दिवस झाले, तपासली नाही. मी काही चुकीचं बोललो असेन तर... तसं काही नाही. नुसतं विचारायचं होतं. लाईन बरी आहे ना?”

बुवांनी डबीवरच्या हिरव्या दिव्याकडं पाहिलं.

वीरेश भिंतीला टेकून उभा होता, हात अजून जोडलेले.

“...हॅलो? बरी आहे ना लाईन?”

“न्हाई हो, मालक,” बुवा म्हणाले. “पार बिघडलीया. तुम्ही घरीच थांबा... माणूस पाठवतो.”